मानेतल्या शिरांच्या जुन्या गुठळ्या : कोडिंग प्रकल्पाच्या नोंदी

२४ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आमचं काम मेडिकल कोडिंगचं : अमेरिकन क्लायंटच्या पेशंटच्या नोंदी वाचून डॉक्टरने लिहिलेल्या निदानाला ठरलेला कोड लावायचा. क्लायंटच्या ऑडिटमधून परत आलेले चार्ट (पेशंटच्या नोंदी) आज माझ्या नावावर पडले. विषय एकच : इंटर्नल ज्युग्युलर शिरेतली गुठळी, आमच्या भाषेत ‘आयजे थ्रॉम्बोसिस’. त्यातल्या एका पेशंटचे तीन एन्काउंटर (भेटी) तीन कोडर्सकडे गेले होते. एकाने अक्यूट (ताजी गुठळी) लावलंय, एकाने क्रॉनिक (जुनी, पण अजून असलेली), तिसऱ्याने थेट ‘हिस्टरी ऑफ’ (पूर्वी होती, आता नाही). तिघांनीही रिबटल (ऑडिटवर हरकत) टाकलेत आणि तिघंही ठाम आहेत. मॅनेजर सरांचं म्हणणं, एक पानाचं टिपण काढ, क्वेरीचे (डॉक्टरला लेखी विचारायच्या प्रश्नाचे) नमुने बसव, पुढच्या महिन्यात टीमला ट्रेनिंग दे. एका पानात हे मावेल असं वाटत नाही, पण बघू.

सुरुवातीला कोड लिहून ठेवते, म्हणजे पुढे शोधाशोध नको. आयसीडी-१०-सीएममध्ये (अमेरिकेतली निदानांची कोडसूची) आय८२.सी१ हे अक्यूट आयजेचं घर, आय८२.सी२ हे क्रॉनिकचं. शेवटचा आकडा बाजू सांगतो : १ उजवी, २ डावी, ३ दोन्ही, ९ बाजू लिहिलेली नाही. म्हणजे उजव्या आयजेतली क्रॉनिक गुठळी आय८२.सी२१. गुठळी पूर्वी होऊन गेली आणि आता नाही, तर झेड८६.७१८. रक्त पातळ करणारी गोळी दीर्घकाळ चालू असेल तर जोडीला झेड७९.०१.

टीममधल्या जुन्या मंडळींना आयसीडी-९ (त्याआधीची सूची) आठवतं. तिथे ऑक्टोबर २००९ मध्ये आयजेला पहिल्यांदा स्वतंत्र कोड मिळाले, अक्यूटला ४५३.८६ आणि क्रॉनिकला ४५३.७६. बाजू विचारत नव्हते. १ ऑक्टोबर २०१५ पासून अमेरिकेत आयसीडी-१०-सीएम आलं आणि डावं-उजवं मागे लागलं.

या नोंदींत पेशंटची माहिती नाही. वय, तारखा, हॉस्पिटल सगळं बदललेलं आहे किंवा गाळलेलं आहे.

२६ फेब्रुवारी

आज फक्त वाचन. तीन कोडवाला तो चार्ट आधी घेतला, कारण सगळ्या विषयाचं दुखणं त्यात आहे.

डायलिसिसचा पेशंट. उजव्या आयजेतून टनेल्ड कॅथेटर (त्वचेखालून शिरेत घातलेली नळी) होता, पुढे हातात फिस्ट्युला (डायलिसिससाठी धमनी-शिरेचा जोड) तयार झाल्यावर काढला. डॉपलरचा (शिरांच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट असा : उजवी आयजे आकसलेली, प्रोबने दाबल्यावर पूर्ण मिटत नाही, भिंत जाड, आत चमकणारे पट्टे, आजूबाजूला कोलॅटरल (वळसा घालून जाणाऱ्या) शिरा, रक्तप्रवाह अर्धवट सुरू. निष्कर्ष ‘क्रॉनिक नॉन-ऑक्लुसिव्ह थ्रॉम्बस’, म्हणजे शीर पूर्ण बंद न करणारी जुनी गुठळी. रेडिओलॉजिस्टने त्याचं काम चोख केलंय. ताजी गुठळी असती तर शीर फुगलेली दिसली असती आणि गुठळी मऊ, काळसर.

आता उपचार करणाऱ्या डॉक्टरांची नोट. असेसमेंटमध्ये ‘आयजे डीव्हीटी, अपिक्साबॅन चालू ठेवा’. डीव्हीटी म्हणजे खोल शिरेतली गुठळी, अपिक्साबॅन ही रक्त पातळ करणारी गोळी. ना बाजू, ना जुनी की नवी. त्याच नोटेत वर प्रॉब्लेम लिस्टमध्ये ‘हिस्टरी ऑफ डीव्हीटी’. आणि पास्ट मेडिकल हिस्टरीत पुन्हा ‘अक्यूट डीव्हीटी राइट आयजे’, तेही आदल्या वर्षीच्या ॲडमिशनच्या नोटेतून शब्दन् शब्द उचललेलं. तिघा कोडर्सनी आपापल्या पसंतीची ओळ उचलली, एवढंच. एकाच नोटेत तीन उत्तरं असतील तर कोडर्सचं भांडण होणारच.

३ मार्च

चहाच्या वेळी वाद रंगला. आमच्यातली एक बीएचएमएस झालेली कोडर आहे, अभ्यास पक्का. ती म्हणाली, “मॅडम, गुठळी तीन महिन्यांच्या वर गेली की क्रॉनिक. टेक्स्टबुकात आहे.” टेक्स्टबुकात असेल. आयसीडी-१०-सीएमच्या अधिकृत गाइडलाइनमध्ये असा आठवड्यांचा किंवा महिन्यांचा काटा कुठेही नाही. किती दिवसांनी अक्यूटचं क्रॉनिक होतं हे कोडरने मोजायचं नाही. डॉक्टरने ‘क्रॉनिक’ लिहिलं तर क्रॉनिक.

तिचा पुढचा प्रश्न जास्त चांगला होता : रेडिओलॉजिस्टसुद्धा डॉक्टरच ना? मग त्याचं ‘क्रॉनिक’ का चालत नाही?

चालतं, पण सगळीकडे नाही. पेशंट बाहेरून फक्त तपासणीसाठी आला, डॉक्टरने वाचलेला अंतिम रिपोर्ट कोडिंगच्या वेळी हातात आहे, तर त्या आउटपेशंट एन्काउंटरला रिपोर्टमधलं ठाम निदान कोड करता येतं. तिथे आय८२.सी२१ बिनधास्त. तोच पेशंट ॲडमिट असेल तर नुसत्या रेडिओलॉजी रिपोर्टवरून निदानाचा कोड लावता येत नाही. उपचार करणाऱ्याने आपल्या नोटेत ते घ्यावं लागतं. तिथे क्वेरी.

आणखी एक फरक याच्याच शेजारी बसतो, तोही पानावर घेतला. आउटपेशंटमध्ये ‘प्रॉबेबल’, ‘सस्पेक्टेड’, ‘रूल आउट’ असं खात्री नसलेलं निदान कोड करायचं नाही. मान सुजली असेल तर सूज, दुखत असेल तर दुखणं. इनपेशंटमध्ये (ॲडमिट पेशंटला) डिस्चार्जच्या वेळी ‘प्रॉबेबल क्रॉनिक आयजे थ्रॉम्बोसिस’ लिहिलं असेल तर ते असल्यासारखं कोड होतं. एकाच डॉक्टरचं एकच वाक्य, दारातून आत गेलं की अर्थ बदलतो. नव्या मुलांना हे पटायला वेळ लागतो.

५ मार्च

छोटी नोंद, पण सगळ्यात जास्त एरर इथूनच निघतात. डॉक्टरने नुसतं ‘आयजे थ्रॉम्बोसिस’ लिहिलं, तर इंडेक्स (कोडसूचीची अनुक्रमणिका) आपल्याला आय८२.सी१ कडे नेतो. म्हणजे काही न बोलता अक्यूट. क्रॉनिकला तो शब्द लिहिलेला लागतो. त्यामुळे दोन वर्षं गोळी घेणारा, फॉलो-अपला चालत आलेला माणूस कागदोपत्री ताज्या गुठळीचा पेशंट होतो. एन्कोडर (कोड लावायचं सॉफ्टवेअर) काही हरकत घेत नाही, कोड वैध असतो. चूक आहे हे फक्त चार्ट पूर्ण वाचणाऱ्यालाच कळतं.

एन्कोडरमध्ये इशारा बसवता येईल का, आयटीला विचारलंय : सी१ मालिकेतला कोड आणि एन्काउंटर ऑफिस व्हिजिट असेल तर एक खिडकी उघडावी, ‘चार्टमध्ये अक्यूट कुठे लिहिलंय?’ उत्तर ‘बघतो’ असं आलं. आयटीचं ‘बघतो’ आपल्याला माहीत आहे.

७ मार्च

क्रॉनिक आणि हिस्टरी. आजचा पूर्ण दिवस यातच गेला.

त्याच गुठळीला आय८२ आणि झेड८६.७१८ दोन्ही एकत्र लावता येत नाहीत. गुठळी आहे किंवा होती, मधलं काही नाही. पण डॉक्टर लोक ‘हिस्टरी ऑफ’ हे शब्द फार सैल वापरतात. पेशंटला मधुमेह आहे, तरी ‘हिस्टरी ऑफ डायबिटीस’. तशीच गुठळी अजून शिरेत चिकटलेली आहे, गोळी तिच्यासाठीच चालू आहे, तरी ‘हिस्टरी ऑफ डीव्हीटी’.

आणि याच्या बरोब्बर उलटही. स्कॅनमध्ये शीर स्वच्छ, प्रवाह नीट, डॉक्टर लिहितात ‘पुन्हा होऊ नये म्हणून अपिक्साबॅन कमी डोसवर चालू’. इथे आमचे कोडर गोळी बघतात आणि क्रॉनिक लावतात. गोळी चालू आहे म्हणून गुठळी आहे, असं होत नाही. असल्या नोटेला झेड८६.७१८ आणि सोबत झेड७९.०१, दोन्ही बरोबर नांदतात. झेड७९.०१ फक्त क्रॉनिकचीच जोडीदारीण आहे असा समज कुठून पसरला कोण जाणे.

हे नुसतं शुद्धलेखन नाही, यात पैसा आहे. मेडिकेअर ॲडव्हांटेजमध्ये (अमेरिकन सरकारी आरोग्य विम्याची खासगी कंपन्यांमार्फत चालणारी योजना) विमा कंपनीला पेशंटच्या आजारांनुसार पैसे मिळतात. अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाने, ओआयजीने, डिसेंबर २०२३ मध्ये जास्त जोखमीच्या निदानांचं टूलकिट काढलं, त्यात एम्बोलिझमचा (रक्ताच्या गुठळ्यांचा) वेगळा गट आहे. त्यांची चाळणी साधी आहे : वर्षात एकदा गुठळीचं निदान लागलंय, पण रक्त पातळ करणारं औषध त्या पेशंटला दिल्याचं दिसत नाही, काढा चार्ट. अशा ठिकाणी बहुतेक वेळा ‘हिस्टरी ऑफ’ लागायला हवं होतं, असं त्यांचं म्हणणं. ही चाळणी आपल्याच ऑडिटमध्ये आधी लावायला काय हरकत आहे? सरांना मेल केलं. होकार आला, तोही पाच मिनिटांत. हे क्वचित होतं.

११ मार्च

अमेरिकेत रविवारी घड्याळं पुढे गेली. त्यामुळे क्लायंटचा कॉल साडेसातऐवजी साडेसहाला. कंपनीच्या बसची वेळ बदलली नाही, म्हणून कॉलनंतर तास-दीड तास ऑफिसातच बसून क्वेरीचे नमुने तपासले.

शेअर्ड फोल्डरमध्ये एक जुना नमुना पडला होता, कोणी बनवला माहीत नाही : ‘पेशंट अपिक्साबॅनवर आहे. कृपया क्रॉनिक आयजे थ्रॉम्बोसिस असल्याची खात्री करावी.’ हा सरळ काढून टाकला. ही क्वेरी नाही, उत्तर तोंडात घालणं आहे. अहिमा आणि ॲक्डिस या अमेरिकेतल्या व्यावसायिक संघटनांच्या २०२२ च्या संयुक्त मार्गदर्शनात स्पष्ट आहे, क्वेरीने डॉक्टरला एका उत्तराकडे ढकलू नये, पैशावर होणारा परिणाम सांगू नये, चार्टमधले पुरावे मांडावेत, पर्याय द्यावेत, आणि पर्यायांत ‘इतर’ व ‘ठरवता येत नाही’ ठेवावं.

नवा नमुना असा झाला :

‘अमुक तारखेच्या डॉपलरमध्ये उजव्या इंटर्नल ज्युग्युलर शिरेत बदल नोंदले आहेत (रिपोर्टमधलं वाक्य जसंच्या तसं). तमुक तारखेच्या आपल्या नोटेत “आयजे डीव्हीटी” आणि “हिस्टरी ऑफ डीव्हीटी” असे दोन्ही उल्लेख आहेत. अपिक्साबॅन चालू आहे. आपल्या वैद्यकीय मतानुसार या स्थितीचं स्वरूप नोंदवावं : अक्यूट थ्रॉम्बोसिस / क्रॉनिक थ्रॉम्बोसिस / क्रॉनिकवर अक्यूट / पूर्वी झालेली, आता नसलेली, प्रतिबंधासाठी औषध चालू / इतर / ठरवता येत नाही.’

क्लायंटकडच्या सीडीआय (डॉक्टरांच्या नोंदी नीट करून घेणाऱ्या विभागाच्या) मॅडमना हा दाखवला. त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली : बाजूही विचारा. मी म्हटलं, बाजूसाठी दरवेळी डॉक्टरला त्रास नको. डॉक्टरने बाजू लिहिली नसेल तर इतर क्लिनिशियनच्या नोंदीवरून ती घेता येते, गाइडलाइनमध्येच मुभा आहे. नर्सच्या नोटेत ‘उजव्या मानेला कॅथेटर’ आणि गुठळीही त्याच शिरेत असं स्पष्ट असेल तर पुरे. नोंदींत डावं-उजवं आपसात भांडत असेल तरच विचारायचं. त्यांना पटलं. सी२९ हा बाजू नसलेला कोड दिसला की मात्र ऑडिटरने चार्ट उघडायचाच, कारण बाजू कुठेच नाही असं क्वचित असतं.

‘क्रॉनिकवर अक्यूट’ आलं तर दोन्ही कोड, अक्यूट आधी.

१३ मार्च

उद्या धूळवड, अर्धी टीम आजच गायब. शांतता मिळाली म्हणून कॅथेटरचा भाग उरकला.

मानेतल्या गुठळ्यांमागे शिरेत घातलेल्या नळ्यांचा, म्हणजे सेंट्रल लाइन, डायलिसिस कॅथेटर, पोर्ट यांचा वाटा मोठा. उजवी आयजे सरळ खाली उतरते म्हणून कॅथेटरसाठी तिलाच पहिली पसंती, आणि म्हणून भोगही तिच्याच वाट्याला. इथे प्रश्न असा, की ही उपकरणामुळे झालेली गुंतागुंत म्हणून कोड करायची का? करायची असेल तर टी८२.८६८ (उपकरणामुळे झालेली गुठळी) आधी, मग आय८२.सी चा कोड. पण कॅथेटर होता आणि गुठळी आहे, एवढ्यावर आपण नातं जोडायचं नाही. डॉक्टरने ‘कॅथेटर-रिलेटेड’, ‘ड्यू टू’ असं काही लिहायला हवं. ‘उजव्या आयजेत कॅथेटर, तिथेच थ्रॉम्बस’ याने भागत नाही, क्वेरी.

सातवं अक्षर हा दुसरा घोळ. टी८२.८६८ ला ए, डी, एस यांपैकी एक लागतं. ‘ए’चं नाव ‘इनिशियल एन्काउंटर’, म्हणून सगळे पहिली भेट समजतात आणि फॉलो-अपला डोळे मिटून ‘डी’ लावतात. ‘ए’ पहिल्या भेटीसाठी नसून सक्रिय उपचार चालू असेपर्यंत आहे, आणि गुंतागुंतीच्या कोडला ते उपचार त्या गुंतागुंतीचेच धरायचे. गुठळीवर गोळी चालू असेल, कॅथेटर काढायचा की ठेवायचा याचा निर्णय चालू असेल, तर चौथ्या भेटीलाही ‘ए’ असू शकतो.

इनपेशंटला पीओए (ॲडमिट होतानाच आजार होता का, याची खूण) विसरू नका. क्रॉनिक आजार ॲडमिशननंतर सापडला तरी पीओए ‘वाय’. आयसीयूत लाइन घातली, मग मान सुजली आणि गुठळी निघाली, तर अक्यूट आणि ‘एन’. म्हणजे अक्यूट-क्रॉनिकची गल्लत झाली की हॉस्पिटलवर न केलेल्या गोष्टीचा ठपका येतो किंवा केलेली गोष्ट झाकली जाते.

१८ मार्च

रेडिओलॉजीच्या चार्टांत नवी भानगड. एका ग्रुपचे रिपोर्ट ‘क्रॉनिक थ्रॉम्बस’ लिहितच नाहीत. ते लिहितात ‘क्रॉनिक पोस्ट-थ्रॉम्बोटिक चेंज’.

शोधल्यावर मूळ सापडलं. सोसायटी ऑफ रेडिओलॉजिस्ट्स इन अल्ट्रासाउंडने २०१८ मध्ये पायांच्या डीव्हीटीबद्दल शिफारशी काढल्या. गुठळी विरल्यावर शिरेत जे व्रणासारखं उरतं त्याला क्रॉनिक किंवा रेसिड्युअल थ्रॉम्बस म्हणू नका, कारण ते वाचून लोक विनाकारण उपचार वाढवतात. ‘क्रॉनिक पोस्ट-थ्रॉम्बोटिक चेंज’ म्हणा. शिफारस पायांसाठी, पण सवय मानेपर्यंत चढली. वैद्यकीय बाजूने मला हे पटतंही.

कोडिंगच्या बाजूने मात्र पंचाईत. या शब्दांनी गुठळी आहे असं सिद्ध होत नाही, तेव्हा आय८२.सी२ लावता येत नाही. ‘पोस्ट-थ्रॉम्बोटिक’ वाचून दोन-तीन जणांनी आय८७.० लावला, तो तर पोस्टथ्रॉम्बोटिक सिंड्रोमचा, आणि त्यातले बाजू सांगणारे कोड पायांचे. मानेला तो बसतच नाही. पानावर ठळक अक्षरात : ‘पोस्ट-थ्रॉम्बोटिक चेंज’ म्हणजे ना आय८२.सी२, ना आय८७.०. उपचार करणाऱ्या डॉक्टरची नोट बघा, तिथे हिस्टरी लिहिलं असेल तर झेड८६.७१८; काहीच नसेल तर क्वेरी. ‘क्रॉनिक ऑक्लुजन’ एवढंच लिहिलं असेल तरी क्वेरी, कारण शीर गुठळीने बंद झाली की आकुंचनाने, हे आपण ठरवायचं नाही.

२१ मार्च

शेजारच्या शिरा. आयजे खाली सबक्लेव्हियनला मिळते, दोघींची ब्रेकियोसेफॅलिक होते, दोन्ही बाजूंच्या मिळून सुपीरियर व्हेना केव्हा. गुठळी हद्द पाळत नाही. ‘आयजेपासून सबक्लेव्हियन व ब्रेकियोसेफॅलिकपर्यंत क्रॉनिक थ्रॉम्बस’ असं लिहिलं असेल तर तिन्ही लागतात : आय८२.सी२, आय८२.बी२, आणि ब्रेकियोसेफॅलिकसाठी आय८२.२९१. व्हेना केव्हापर्यंत गेली तर आय८२.२११. काखेतली ॲक्सिलरी आय८२.ए२. एक्स्टर्नल ज्युग्युलरला स्वतःचा कोड नाही, ती ‘इतर विशिष्ट शिरा’ मध्ये, क्रॉनिकला आय८२.८९१. रिपोर्टमध्ये नुसतं ‘ज्युग्युलर’ असेल तर इंटर्नल की एक्स्टर्नल हे आधी बघा.

वरच्या टोकाला मेंदूतले सायनस, म्हणजे तिथल्या अशुद्ध रक्ताच्या वाटा. ते आय८२ मध्ये येत नाहीत, पण एक्सक्लूड्स-२ आहे, म्हणजे दोन्हीकडे गुठळी असेल तर दोन्ही कोड चालतात.

ऑडिटमध्ये एक सीपीटीची (तपासण्या-प्रोसिजरच्या कोडची) गंमत : आयजेच्या स्कॅनला कोणीतरी ९३८८० लावला होता. तो कॅरॉटिड धमन्यांचा. मान दिसली की कॅरॉटिड. प्रोसिजर कोडिंग आपल्या प्रकल्पात नाही, त्या टीमला कळवून सोडून दिलं.

२७ मार्च

ट्रेनिंग झालं. स्लाइड कमी, चार्ट जास्त, असं ठेवलं. पहिल्या दिवशीचाच तीन कोडवाला चार्ट नावं काढून सगळ्यांना दिला आणि कोड मागितला. खोलीत पुन्हा तीन गट पडले. मग विचारलं, “तुमचा कोड कुठल्या ओळीवर उभा आहे, ती ओळ वाचून दाखवा, आणि ती ओळ कोणी, कधी लिहिली ते सांगा.” अक्यूटवाले आदल्या वर्षीच्या नोटेवर पोचले आणि स्वतःच गप्प झाले. हिस्टरीवाले थोडा वेळ टिकले. क्रॉनिकवाल्यांनी रेडिओलॉजी रिपोर्ट पुढे केला, तेव्हा बीएचएमएसवाली कोडर म्हणाली, “ऑफिस व्हिजिट आहे, स्कॅनचा एन्काउंटर नाही. क्वेरी.” मला बोलावंच लागलं नाही.

मागच्या रांगेतून एक तक्रार आली, तीही रास्त : क्वेरी टाकली की चार्ट अडकतो, टीएटी (काम पूर्ण करायची मुदत) जातो, प्रॉडक्शन कमी दिसतं, मग इन्सेंटिव्ह कापला जातो. माणूस अक्यूट लावून पुढे जाणारच. सर खोलीत होते. क्वेरीवर थांबलेले चार्ट टार्गेटमधून वगळण्याचं त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं. मी ते मिनिट्समध्ये लिहून लगेच मेल केलं, म्हणजे नंतर ‘असं म्हणालो नव्हतो’ नको.

३ एप्रिल

पाडव्यानंतरचा पहिला आढावा. एक पान शेवटी दोन पानांचं झालं. ओआयजीची चाळणी मागच्या तिमाहीच्या चार्टांवर चालवली, आणि औषध नसलेली ‘क्रॉनिक’ खरोखरच निघाली. ती क्लायंटला दुरुस्तीसाठी पाठवली. त्यांना आनंद झाला नाही, पण त्यांच्या कम्प्लायन्सवाल्यांनी पोच दिली.

तीन कोडवाल्या चार्टच्या क्वेरीला डॉक्टरचं उत्तर आलंय : ‘क्रॉनिक थ्रॉम्बोसिस, उजवी आयजे, पूर्वीच्या डायलिसिस कॅथेटरमुळे, अपिक्साबॅन चालू.’ टी८२.८६८ए, आय८२.सी२१, झेड७९.०१, आणि डायलिसिसचे नेहमीचे एन१८.६, झेड९९.२. पहिला क्रम एन्काउंटरच्या कारणावर ठरेल. हे उत्तर ज्या भेटीबद्दल आहे तिलाच लागू. बाकीच्या दोन भेटींच्या क्वेरी वेगळ्या गेल्या आहेत, त्यांची उत्तरं बाकी आहेत, रिबटल तोवर उघडेच.

राहिलेलं : रेडिओलॉजी ग्रुपला ‘पोस्ट-थ्रॉम्बोटिक चेंज’ बरोबर उरलेली गुठळी आहे की नाही हे एका वाक्यात लिहिता येईल का, याची विचारणा क्लायंटमार्फत गेली आहे. एन्कोडरच्या खिडकीबद्दल आयटीला पुन्हा आठवण. आणि १ ऑक्टोबरच्या नव्या कोडसंचात आय८२ ला हात लागलाय का, हे सप्टेंबरमध्ये तपासायला कॅलेंडरवर टाकलं.